पत्रं ओढणारे आप्पा

परवा ऑफिसात मला नवा कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आमच्या माणसानं त्यात माझं मेलचं खातं बसवायला घेतलं. नाव टाका, पत्ता टाका, पासवर्ड टाका. मग कुठल्या प्रकारचं खातं पाहिजे ते विचारणारी खिडकी आली. त्यानं मला न विचारता पहिल्याच प्रकारावर टिचकी मारली आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "थांब." तो बिचारा हात उचलून बसला. आता थांब का म्हटलं, हे त्याला काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं, काही नाही, चालू दे तुझं.

पण नंतर दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. आप्पा आठवत होते. आप्पा आता नाहीत. असते तर त्यांनी त्या माणसाला खुर्चीवरून उठवलं असतं आणि विचारलं असतं, पत्रं कुठं ठेवायलास, गावाचं नाव सांग.

ताडकळसला मी आप्पांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. माणूस बुटका, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि खिशात एक भली मोठी दस्ती. त्या दस्तीनं ते घामही पुसत आणि कीबोर्डही. एके काळी त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. ते पुतण्याकडे देऊन टाकलं होतं, पण पायातली दुकानदारी काही गेली नव्हती. हा माणूस मी कधी धड बसलेला पाहिला नाही. चहा बशीत ओतून ओट्यावर येरझाऱ्या घालत प्यायचे. माझ्या खोलीकडे यायला निघाले की निम्म्या जिन्यात काहीतरी आठवायचं आणि परत खाली. प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायच्या आत दुसरा विचारायचे. काकू म्हणायच्या, लग्नात सप्तपदी यांनी एवढ्या घाईनं घातली की मी मागं राहिले ती राहिलेच.

एका कामाला मात्र ते बसत. सकाळी अंघोळ करून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा व्हायची. ती झाली की डोक्यावर टोपी घालून आप्पा कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि पत्रं ओढायचे. ओढायचे हा त्यांचाच शब्द. विहिरीतून पाणी ओढावं तसं. मेल आपोआप येत राहावी ही सोय त्यांनी बंद करून ठेवली होती. सकाळी एकदा आणि संध्याकाळच्या चहानंतर एकदा, स्वतःच्या हातानं बटण दाबायचं. पडद्यावरची ती हिरवी पट्टी पुढे सरकत असेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. काकूंनी एकदा मधेच कुकरची शिट्टी होऊ दिली तर दिवसभर अबोला.

आणि एकदा ओढलेलं पत्र तिकडे शिल्लक राहता कामा नये. त्या प्रोग्राममध्ये एक चौकोन असतो, पत्राची एक प्रत तिकडेही राहू द्यायची का असं विचारणारा. त्यावरची खूण आप्पांनी काढून टाकलेली. मी म्हटलं, आप्पा, राहू द्या की एक प्रत, काय बिघडतंय? तर म्हणे, "धान्य पोत्यात भरल्यावर खळ्यावर काय ठिवतेत? घरात येईस्तोवर ती बातमी. घरात आली की पत्र."

आता हे एका माणसाचं वेड असतं तर ठीक होतं. पण आप्पांच्या त्या एका मेलपत्त्यावर अर्ध्या ताडकळसची पत्रं यायची. झालं होतं असं की गावात पहिल्यांदा नेट आलं ते आप्पांकडे. फॉर्म ऑनलाइन भरायचे दिवस सुरू झाले तेव्हा ज्यानं त्यानं येऊन फॉर्मवर आप्पांचाच पत्ता टाकला. पुढे घरोघर मोबाइल आले, तरी ही सवय काही सुटली नाही. उलट लोकांची समजूत झाली की आप्पाच्या पत्त्याला गुण हाय, तो टाकला की काम होतं. कुणाला नोकरी लागली, कुणाला कॉलेज मिळालं, श्रेय पत्त्याला. आप्पा तो पत्ता सांगायचेही मोठ्या ठसक्यात, अगोदर माझं नाव, मंग गावाचं, मंग ते ॲटचं वेटोळं काढा, अशा थाटात.

आलेलं पत्र ते पडद्यावर वाचत नसत. नाव पाहायचं, छापायचं, तीन घड्या घालायच्या आणि पाकिटात टाकायचं. पाकिटं लग्नपत्रिकांची. गावातून आलेल्या साऱ्या पत्रिकांची पाकिटं काकू जपून ठेवायच्या. वर सोनेरी गणपती, खाली शुभविवाह, आणि मधल्या जागेत कोरा कागद चिकटवून आप्पा स्केचपेननं ज्याचं पत्र त्याचं नाव लिहायचे. मग सायकलवर टांग टाकून घरपोच. पत्र काढून घेतलं की पाकीट तिथल्या तिथं परत मागायचे. ताडकळसमध्ये याचं कुणाला काही वाटत नसे. शुभविवाहाच्या पाकिटातून कुणाला नापास झाल्याचं कळलं तरी लोक निमूट पाकीट परत द्यायचे.

घरपोच म्हणजे घरातच. रस्त्यात नाही, पारावर नाही, दुकानात नाही. एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. पालकाच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका बाईनं त्यांना पाहिलं. तिच्या लेकीचं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र यायचं होतं आणि ते पिशवीत होतंच. तिनं हात पुढे केला. आप्पा म्हणाले, बाजारात न्हाई, घरी चला. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला त्या बाईला जुड्या शेजारणीवर टाकून घरी जावं लागलं. मागून सायकल हातात धरून आप्पा, आणि त्यांच्या मागे चरफडत मी. तिनं कुलूप उघडलं, आप्पांनी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, मग पत्र दिलं.

परत येताना मी त्यांना फाडफाड बोलले. म्हटलं, त्या बाईचा धंदा बुडवलात, कशासाठी? आप्पा सायकल ढकलत पुढे पुढे. थांबून एवढंच म्हणाले, "बाजारात दिलं तर ते जुडीखाली जातंय. घरात दिलं तर देवापुढं जातंय."

पण मला हे पटलं नव्हतं, आणि पुढे तर त्यांनी माझाच जीव टांगणीला लावला.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. मी मूळची झरीची. आई लवकर गेली. घरी बाबा आणि मी. शेती बेताची, पण बाबांनी मला शेतकीची पदवी करू दिली. पदवी झाली आणि त्यांनी स्थळ आणलं. पाहुणे बसलेले असतानाच मी चहाचे कप ठेवले आणि सांगितलं, मला आत्ता लग्न करायचं नाही, नोकरी करायची आहे. पाहुणे निम्मा चहा टाकून उठले. ते गेल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग या घरात तुझं आता काई न्हाई." माझंही डोकं फिरलेलं. म्हटलं, बरं. पिशवी भरली आणि निघाले. ताडकळसच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायचं काम मिळालं, आप्पांची खोली मिळाली. बाबांचा फोन नाही, माझाही नाही. एकाच मातीची दोन ढेकळं आम्ही, फुटणार कोण?

मला शिकवण्यात रस नव्हता. मला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. जालन्याच्या एका बियाणे कंपनीची जाहिरात निघाली तेव्हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. आप्पांच्याच कॉम्प्युटरवर बसले. मेलपत्ता टाकायची वेळ आली आणि हात थांबला. माझं मेलखातं होतं ते बाबांच्या मोबाइलमध्ये. कॉलेजात असताना घरात तेवढा एकच चांगला फोन होता ना. माझी पत्रं बाबांच्या हातात पडायला नको होती. लागली नोकरी तर लागल्यावर सांगू, नाही लागली तर कळायलाच नको. काकू मागून म्हणाल्या, टाक की आमचा पत्ता, गुण हाय त्याला. टाकला.

त्यानंतर मी झोपेतही पत्रं ओढत होते. सकाळी हिरवी पट्टी सरकताना मी जिन्यात उभी. संध्याकाळी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आत विचारायचं, आलं का. आप्पा मान हलवायचे. एकदा मी म्हटलं, आप्पा, मधे एकदा ओढून बघा ना. तर म्हणाले, दुभत्या गाईला दुपारी पिळतेत काय. मी जिना आपटत वर गेले.

अशातच तो जुना कॉम्प्युटर आचके द्यायला लागला. पट्टा सुटलेल्या गिरणीसारखा आवाज. आणि एका सकाळी मी शाळेत गेलेली असताना आप्पांनी पत्रं ओढली, छापली, आणि त्याच वेळेला त्या डब्यानं मान टाकली. पडदा काळा झाला तो झालाच. मी संध्याकाळी आले तर ओट्यावर डबा उघडा पडलेला आणि आप्पा घरात नाहीत. नवा कॉम्प्युटर बघायला परभणीला गेले होते. दिवेलागणीला आले, धुळीनं भरलेले. मी पहिलं विचारलं ते हेच, की सकाळी काय काय आलं होतं.

आप्पा पाय धूत होते. म्हणाले, "जे आलं ते ज्याच्या त्याच्या घरी पोचलं."

मी तर त्याच घरात राहत होते आणि माझ्या हातात काही पडलं नव्हतं. म्हणजे माझं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून नवा कॉम्प्युटर आला आणि खातं बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, घटकाभराचं काम. कसचं काय. नाव टाकलं, वेटोळ्यासकट पत्ता टाकला. पासवर्डची वेळ आली तेव्हा आप्पांनी मला आणि काकूंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. काकू म्हणाल्या, मला वाचता येत न्हाई, मी कशाला? तरी उभं केलं. एकेका बोटानं त्यांनी पासवर्ड टाकला आणि कॉम्प्युटरनं तो चुकीचा म्हणून परत केला. पुन्हा भिंत. पुन्हा परत. तेवढ्यात लाइट गेली.

लाइट आली तेव्हा मला दिसलं की नव्या प्रोग्रामनं आपल्या मनानंच दुसऱ्या प्रकारचं खातं धरलंय, पत्र तिकडेच राहतं आणि आपण फक्त बघतो, त्या प्रकारचं. मी म्हटलं, आप्पा, हेच चांगलं आहे. डबा मेला तरी पत्र मरत नाही. आप्पांची येरझार सुरू झाली. तिकडं म्हंजी कुठं? मी म्हटलं, त्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. कोणत्या गावात? मला कुठलं माहीत. आप्पा थांबले. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाले, "आमी देव सुदिक गळ्यात घालतो, तळहातावर घेऊन पुजतो. अन् लोकाच्या लेकराची पत्रं नाव माहीत नसलेल्या गावात ठिवू?"

काढला बाई तो प्रकार. ओढणारा प्रकार घातला. येणाऱ्या पत्राचं दार वेगळं, जाणाऱ्या पत्राचं दार वेगळं, दोन्हींचे नंबर शोधून टाकले. तरी पासवर्डची खिडकी वर येतच राहिली. शेवटी कळलं की असल्या प्रोग्रामला आता नेहमीचा पासवर्ड चालत नाही. मेलवाल्यांकडून त्याच्यापुरता वेगळा पासवर्ड करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी मोबाइलवर एक आकडा येतो. मोबाइल कुठला, तर आप्पांनी कधी काळी लिहून दिलेला. दुकानातला.

मी म्हटलं, दुकानात फोन करा आणि आकडा विचारा. आप्पांना ते चालणार नव्हतं. असला आकडा तोंडी सांगायचा न्हाई, असं त्यांना बँकेत कुणी बजावलं होतं. सायकलवर गेले. मी पडद्यापुढे बोटं मोडत बसले. आले घामाघूम होऊन आणि माझ्यापुढे एक पाकीट धरलं. सोनेरी गणपती, शुभविवाह. आत चिठ्ठीवर आकडा. तो केव्हाच शिळा झाला होता. पुन्हा मागवला, पुन्हा सायकल, पुन्हा पाकीट. मी डोकं कीबोर्डवर ठेवलं. काकू हसून हसून खाली बसल्या. मग मीच तरातरा दुकानात गेले आणि पुतण्याच्या पुढ्यातून तो फोन उचलून घरी आणला.

वेगळा पासवर्ड मिळाला. लांबलचक, अर्थ नसलेली अक्षरं. आप्पांना ते फार लागलं. आपला पासवर्ड त्यांनी ठरवायचा? आणि मीच तो मिळवलेला असूनही तो टाकताना मला भिंतीकडे तोंड करायला लावलं.

हे सगळं एका दिवसात झालं नाही. लाइट, शाळा, सायकल आणि आप्पांच्या शंका यांत आठवडा जात आला होता. शेवटी एका दुपारी खिडकी परत आली नाही. आप्पांनी टोपी घातली. दुपार असूनही घातली, एवढं त्यांनी माझ्यासाठी केलं. बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकली. खताच्या जाहिराती आल्या, कुणाच्या तरी कॉलेजचं पत्र आलं. माझं नाव नव्हतं.

मग मला राहवेना. मी जिन्यात बसून जालन्याला फोन लावला. पलीकडच्या बाईनं यादीत पाहिलं आणि म्हणाली, तुम्हाला मेल गेल्या आठवड्यातच गेलाय. मुलाखत उद्या सकाळी. साहेब लोक शेतावर आहेत, मला पुन्हा पाठवता येणार नाही. छापील पत्र आणा, नाहीतर गेटवर सोडत नाहीत.

मी खाली आले तेव्हा मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता. म्हटलं, आप्पा, माझं पत्र तुमच्या त्या मेलेल्या डब्यात गेलं. प्रत ठेवली असती तर आज हातात असतं. माझी नोकरी तुमच्या हट्टापायी गेली. अजून पुष्कळ बोलले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, वरमले. पण त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

"तुझं पत्र? ते तर तुझ्या घरी देऊन आलो."

"मी इथं राहते, आप्पा. घरी कुठं दिलंत?"

"झरीला. तुझ्या बापाच्या हातात."

परभणीला गेले त्याच दिवशी, कॉम्प्युटर ठरवून, पुढची बस धरून हा माणूस झरीला गेला होता. खोली देताना माझ्या आधार कार्डाची प्रत घेतली होती, त्यावरचा पत्ता विचारत विचारत. मी ओरडलेच. म्हटलं, माझं घर हे आहे, मी भाडं भरते, तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही तिथं का गेलात?

"भाड्याची खोली मुक्काम असतंय, पोरी. मी पत्र मुक्कामावर देत न्हाई. नियम हाय."

मला त्या क्षणी त्यांचं तोंड बघवेना. बाबांना पत्र मिळून इतके दिवस झाले आणि त्यांनी मला साधा फोन केला नाही, हेही आतून कुरतडत होतं. एवढा आकस? मी पिशवीत प्रमाणपत्रं कोंबली आणि निघाले. आप्पा माझ्या पुढे धावत फाट्यावर गेले आणि परभणीची बस थांब्याच्या अलीकडेच दिसली तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरनं त्यांना शिव्या घातल्या. मी त्यांच्याकडे न बघता चढले.

झरीला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. बाबा ओट्यावर बसून तुषार सिंचनाच्या पाइपात रबर बसवत होते. मला पाहून हात थांबला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. ये म्हणाले नाहीत. मीही पायरीखालीच थांबले.

"माझं पत्र आलंय ना?" मी विचारलं.

"आलंय." पाइपाकडे बघतच ते म्हणाले. "कधी हाय?"

"उद्या."

त्यांनी पाइप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उद्या हाय, अन् बापाला सांगायला आज आलीस. पोरगा कोण हाय, तेवढं तर सांग."

मला काही कळेना. कुठला पोरगा? बाबा उठून आत गेले, मी त्यांच्या मागोमाग. आई गेल्यापासून आमच्या देव्हाऱ्यात दिवा लागला तर लागला, अशी गत होती. त्या दिवशी तिथं दिवा होता. देव पुसलेले होते. आणि देवांच्या पुढे पाटावर ते पाकीट ठेवलेलं होतं. सोनेरी गणपती, खाली शुभविवाह, मधे स्केचपेननं माझं नाव. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं, वर अक्षता. पाकीट उघडलेलं नव्हतं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. आप्पांनी नेहमीसारखंच केलं होतं. उंबऱ्याच्या आत येऊन पाकीट हातात दिलं होतं, तुमच्या लेकीचं हाय म्हणाले होते, पाणी पिऊन बससाठी पळाले होते. पत्रात काय आहे ते सांगायची त्यांची पद्धत नव्हती. बाबा पाकीट न उघडता तसेच उभे, त्यामुळे त्या दिवशी परत मागायलाही काही नव्हतं. ताडकळसची पाकिटं झरीत कुणाला माहीत? बाबांनी वाचलं शुभविवाह आणि माझं नाव. लेकीनं आपल्याला न विचारता लग्न ठरवलं आणि परक्या माणसाच्या हातानं पत्रिका धाडली. इतके दिवस ते हेच उरात घेऊन बसले होते.

"बाबा, उघडलं का नाहीत?"

"काय वाचायचं व्हतं त्यात?" त्यांचा आवाज फुटला. "पर लेकीची पत्रिका हाय. पहिली देवापुढं ठिवावी लागती. तुझी आई असती तर तिनं ठिवली असती. मीच ठिवली."

मी पाकीट उचललं, उघडलं आणि आतला कागद त्यांच्या हातात दिला. ते वाचायला लागले. एकदा वाचलं, मग माझ्याकडे बघून पुन्हा वाचलं. लग्न नाही बाबा, मुलाखत आहे, नोकरीची, एवढं मी कसंबसं म्हटलं आणि मला हुंदका आला. माझ्यावर एवढे चिडलेले असताना, मी त्यांना टाकून परस्पर लग्न करतेय असं समजत असताना, या माणसानं माझ्या नावाला कुंकू लावलं होतं. या घरात तुझं काही नाही म्हणणाऱ्या माणसानं. बाबा तो कागद धरून पाटाशेजारी बसले आणि दस्ती तोंडाला लावून रडले. मग रडता रडताच त्यांना हसू आलं. म्हणाले, त्या म्हाताऱ्याला मी चहा सुदिक इचारला न्हाई गं.

पहाटेच बाबांनी मोटारसायकल काढली. जालन्याची गाडी देवगाव फाट्यावर मिळेल, तिथवर सोडतो म्हणाले. फाट्यावर त्यांनी मला चहा पाजला, बसमध्ये जागा धरून दिली आणि खिडकीखाली उभं राहून विचारलं, बियाण्याच्या लॅबमधी नेमकं काय करायचं असतंय. बस हलेपर्यंत मी सांगत होते.

नोकरी लागली. खोली सोडायला ताडकळसला गेले तेव्हा आप्पा ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मी चिडून काय काय बोलले होते त्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मी त्यांना झरीचं सगळं सांगितलं, पत्रिकेचं, कुंकवाचं. काकू पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. हे सगळं आप्पांनी मुद्दाम केलं असं काकूंचं म्हणणं. मला अजूनही खात्री नाही. आप्पा ऐकता ऐकता दोनदा आत गेले आणि बाहेर आले. माझं संपल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"पाकीट?"

मी म्हटलं, पाकीट नाही आप्पा. बाबा देत नाहीत. मी मागितलं तर म्हणाले, लेकीच्या नावाचं हाय, ऱ्हाऊ दे. अजून देव्हाऱ्यातच आहे.

आप्पा थांबले. चांगल्या जाड कागदाचं पाकीट हातचं गेलं होतं, ते त्यांना लागलेलं दिसत होतं. दस्ती काढून त्यांनी कपाळ पुसलं, विभूती पुसली गेली तरी पुसत राहिले. मग खाली बसले. ओट्यावर, माझ्या शेजारी, चांगली मांडी घालून.

"ठिवून घेतलं म्हण की," ते म्हणाले. "मंग पोचलं."